जुन्या बागेसाठी निधिसंकलनाची संध्याकाळ : आखणीपासून हिशेबापर्यंत

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये गेलेल्या माणसाला तिथला गारंबीचा महावेल विसरता येत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेली त्याची पिळदार खोडे पाहून लोक त्याचे वय विचारतात. इतकी वर्षे तो कुणी सांभाळला, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. जुन्या वास्तूची एकदा नीट डागडुजी केली की ती पुढची दहा-पंधरा वर्षे तरी तग धरते. बागेला ही सवलत मिळत नाही. एका पावसाळ्यात तण काढायचे राहिले, एका उन्हाळ्यात पाण्याचा पाट तुंबला, की पन्नास वर्षांची मांडणी विस्कटते. म्हणून ऐतिहासिक बागेसाठी पैसे उभे करणे म्हणजे मुख्यतः आजच्या जाणत्या माळ्यांसाठी आणि त्यांच्यानंतर येणाऱ्या माळ्यांच्या शिक्षणासाठी पैसे उभे करणे, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढची सगळी मांडणी याच मतावर उभी आहे.

गेली काही वर्षे मी अशा संध्याकाळींच्या आखणीत स्वयंसेवक म्हणून काम करत आलो आहे. हा लेख महाराष्ट्रातील एखाद्या नोंदणीकृत न्यासाच्या ताब्यातील जुन्या बागेत, साधारण दीडशे ते दोनशे निमंत्रितांसाठी, निधिसंकलनाचा कार्यक्रम करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. बाग महापालिकेची किंवा एखाद्या घराण्याची असेल तर परवानग्यांचा भाग बदलेल, बाकीचे फारसे बदलणार नाही.

बाग दाखवून चांगल्या कामासाठी पैसे जमवण्याची रीत जुनी आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९२७ साली नॅशनल गार्डन स्कीम सुरू झाली, तेव्हा ६०९ खासगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन लोकांना खुल्या करण्यात आल्या आणि पहिल्याच वर्षी ८,१९१ पौंड जमले. ते पैसे घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी होते. तिथे भव्य मंडप नव्हता, तारांकित पाहुणे नव्हते. लोकांनी पैसे दिले ते एरवी बंद असलेल्या फाटकातून आत जायला मिळाले म्हणून. आपल्या संध्याकाळीही बाग हेच मुख्य आकर्षण असले पाहिजे. ती पार्श्वभूमीला गेली की कार्यक्रम लग्नाच्या स्वागतसमारंभासारखा होतो आणि लोक पाकीटही तेवढ्याच जाडीचे देतात.

आधी काम ठरवा, मग रक्कम

पहिल्या बैठकीत रकमेचा आकडा काढू नका. मुख्य माळी, एक वनस्पतितज्ज्ञ, एक वास्तुसंवर्धक आणि दोन विश्वस्त असे पाच जण सकाळी सातला बागेत फिरा आणि पुढील वर्षभरात न केल्यास कायमचे नुकसान होईल अशा गोष्टींची यादी करा. ढासळलेला पाट, फुटलेली कारंज्याची कुंडी, वाळवी लागलेले जुने झाड, निवृत्तीला आलेला माळी, सगळे त्या यादीत येऊ द्या. निवृत्तीला आलेला माळी हा त्या यादीतील सर्वांत तातडीचा विषय असतो, कारण कोणत्या झाडाला कधी पाणी तोडायचे आणि कोणत्या कोपऱ्यात पावसाचे पाणी साचते, हे त्याच्या डोक्यात असते, कागदावर नसते.

शिक्षणाचा भाग या यादीतूनच निघतो. ससेक्समधील ग्रेट डिक्स्टर ही बाग या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. नॅथॅनिएल लॉइड यांनी १९१० मध्ये ती मालमत्ता घेतली, वास्तुरचनाकार एडविन लट्यन्स यांनी घराचा विस्तार केला, आणि पुढे क्रिस्टोफर लॉइड यांनी २००६ मध्ये निधन होईपर्यंत ती बाग घडवली. आज तिथला न्यास देशोदेशीच्या तरुण बागकामगारांना शिकायला घेतो, आणि ती मुले वर्गात कमी व वाफ्यात जास्त शिकतात. बागेची निगा आणि नव्या माणसांचे शिक्षण हा एकच खर्च होतो. आपल्याकडेही कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत मराठीतून माळी प्रशिक्षण दिले जाते. तिथून आलेल्या मुलांना जुन्या बागेत दहा महिने विद्यावेतनावर ठेवले तर बागेला हात मिळतात आणि मुलांना अनुभव.

मग आकडे मांडा. समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब देतो. पाच प्रशिक्षणार्थींना दरमहा १२,००० रुपये, दहा महिने, म्हणजे ६ लाख. शिकवणाऱ्यांचे मानधन, अवजारे, माती, शेणखत आणि एक छोटे शेडनेट मिळून अडीच लाख. दगडी पाटाच्या दुरुस्तीचा पहिला टप्पा साडेपाच लाख. एकूण १४ लाख. हा आकडा निमंत्रितांपुढे ठेवला की प्रत्येकाला आपला वाटा दिसतो. नुसते "बागेच्या संवर्धनासाठी सढळ हाताने मदत करा" असे लिहिले तर कुणालाच काही दिसत नाही.

संस्थेची कागदपत्रे

हा भाग रुक्ष आहे, पण इथे कच्चे राहिले तर नंतर देणगीदारांसमोर मान खाली घालावी लागते. कार्यक्रमाच्या किमान सहा महिने आधी सनदी लेखापालांबरोबर बसून पुढील गोष्टी तपासून घ्या.

न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असावा आणि कार्यक्रमाला विश्वस्त मंडळाचा लेखी ठराव असावा. नोंदणी नसलेल्या मित्रमंडळाने परस्पर निधी गोळा करायचा असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाशी आधी संपर्क साधावा लागतो; माझा सल्ला असा की मंडळाने तो खटाटोप न करता सर्व रक्कम थेट न्यासाच्या खात्यात घ्यावी.

आयकर सवलतीबद्दल निमंत्रणपत्रिकेवर मोघम लिहू नका. कलम ८०जी ची मान्यता असलेल्या बहुतेक न्यासांना दिलेल्या देणगीवर ५० टक्के वजावट मिळते, तीही ठरावीक मर्यादेत. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे त्यांना तर मिळतच नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्यामुळे कलमांचे व अर्जांचे क्रमांक बदलतात, म्हणून पावतीवरील मजकूर दरवर्षी लेखापालांकडून नव्याने तपासून घ्यावा. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून न्यासाला देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे भरावे लागते आणि त्याआधारे देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यासाठी नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक त्या संध्याकाळीच घेतला पाहिजे. दोन महिन्यांनी पॅनसाठी फोन करत बसण्यासारखे कंटाळवाणे काम दुसरे नाही.

कंपन्यांकडून पैसे घेताना दोन पिशव्या वेगळ्या ठेवा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खालील सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी ऐतिहासिक स्थळांच्या जतनासाठी आणि व्यवसायशिक्षणासाठी देता येतो, परंतु एका संध्याकाळीच्या कार्यक्रमाचे प्रायोजकत्व त्यात बसत नाही. केंद्र सरकारने २०१४ च्या परिपत्रकात एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांबद्दल हे स्पष्ट केले आहे. म्हणून पाटाची दुरुस्ती किंवा प्रशिक्षण वर्ग हा प्रकल्प म्हणून दायित्व निधीकडे न्या, आणि मंडपाचा खर्च कंपनीच्या जाहिरात विभागाकडे मागा. प्रायोजकत्वावर वस्तू व सेवा कर लागू होतो. याउलट, देणगीदाराच्या व्यवसायाची जाहिरात न करता केवळ कृतज्ञता म्हणून त्याच्या नावाची पाटी लावली, तर त्या देणगीवर हा कर लागत नाही, असे ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात म्हटले आहे. "आजीच्या स्मरणार्थ, अमुक कुटुंबाकडून" ही पाटी चालेल. खाली दुकानाचा पत्ता आणि "सर्व प्रकारचे दागिने मिळतील" आले की ती जाहिरात झाली.

परदेशस्थ मराठी मंडळी अशा कामाला मनापासून हातभार लावतात. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्यांची देणगी त्यांच्या वैयक्तिक बचतीतून बँकेमार्फत आली तर ती विदेशी धरली जात नाही. ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी मात्र विदेशी अंशदान ठरते. त्यासाठी न्यासाची वेगळी नोंदणी आणि भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेले खाते लागते. ते नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. मोबाइलवरून आलेली एक चुकीची रक्कमही पुढे डोकेदुखी ठरते.

तारीख

मी नेहमी पौष महिना सुचवतो. लग्नाचे मुहूर्त नसल्यामुळे मंडपवाले, आचारी आणि ध्वनियंत्रणेवाले मोकळे असतात व दरात घासाघीस करता येते. थंडी असते, हंगामी फुले बहरात असतात, आणि संक्रांतीच्या आसपास कार्यक्रम ठेवला तर तिळगुळाच्या निमित्ताने माणसे प्रसन्न मनाने येतात. आर्थिक वर्ष संपायला दोन-अडीच महिने उरलेले असतात, त्यामुळे देणगीचा विचार डोक्यात असतोच. फक्त शहरातील फुलांच्या प्रदर्शनाची तारीख आधी पाहून घ्या. पुण्यात एम्प्रेस गार्डनचे प्रदर्शन जानेवारीतच भरते आणि बागप्रेमी मंडळी सगळीकडे तीच असतात.

खर्च कुणी उचलायचा

एक नियम कधीही मोडू नका: कार्यक्रमाचा संपूर्ण खर्च प्रायोजकांकडून आधीच जमा झालेला असावा, म्हणजे त्या संध्याकाळी निमंत्रितांनी दिलेला प्रत्येक रुपया बागेला गेला असे व्यासपीठावरून शब्दशः सांगता येते. वरचाच काल्पनिक हिशेब पुढे नेऊ. १६० पानांचे जेवण माणशी ९०० रुपयांप्रमाणे १,४४,००० रुपये; मंडप, खुर्च्या व दिवे १,२०,०००; ध्वनियंत्रणा ३०,०००; छपाई व दिशादर्शक पाट्या २५,०००; फिरती स्वच्छतागृहे व सफाई ३५,०००; विमा, परवाने व सुरक्षारक्षक ३६,०००. एकूण ३,९०,०००, आणि ऐनवेळच्या खर्चासाठी दहा टक्के धरून ४,२९,०००. एक मोठा प्रायोजक २ लाखांचा आणि तीन लहान प्रायोजक प्रत्येकी ८०,००० रुपयांचे मिळाले तर ४,४०,००० होतात व खर्च भागतो. डिसेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत ही रक्कम कागदावर आली नाही, तर जेवण रद्द करून चहा-फराळ ठेवा. बागेच्या ठेवीतून उसने घेऊन मंडप उभारू नका.

जमेच्या बाजूला ११० सशुल्क आसने प्रत्येकी ३,००० रुपयांची म्हणजे ३,३०,०००. एका प्रशिक्षणार्थीचे पूर्ण वर्ष १,२०,००० रुपयांना, असे पाच दाते म्हणजे ६ लाख. लिलावातून दीड लाख. आणि उरलेले ३,२०,००० छोट्या देणग्यांतून. असे १४ लाख पुरे होतात. आसनशुल्काच्या बदल्यात पाहुण्याला जेवण मिळते, म्हणून त्याची पावती साधी ठेवावी आणि करसवलतीची पावती केवळ निखळ देणगीला द्यावी. उरलेली पन्नास आसने माळी, त्यांची कुटुंबे, प्रशिक्षणार्थी, शिक्षक आणि शेजारच्या शाळांचे मुख्याध्यापक यांच्यासाठी राखून ठेवा. माळ्यांनी त्या दिवशी वाढप्याचे काम करायचे नाही, हे आधीच सर्वांना सांगून ठेवा. ते त्या घरचे यजमान आहेत.

बागेला ओरखडा उमटू नये

एका बागेत मंडपवाल्याच्या मुलांनी आमच्या नकळत दोरखंडांसाठी लोखंडी खुंट्या ठोकल्या त्या थेट एका जुन्या बकुळीच्या मुळ्यांत. संध्याकाळी कुणाच्या लक्षात आले नाही. सकाळी मुख्य माळी खुंटी उपसून त्या भोकात बोट घालून बसला होता. बोटाला ओलसर, तांबूस भुसा लागला होता. त्याने तो आम्हाला दाखवला आणि काही न बोलता भोकात माती दाबली. त्या दिवसापासून मी मंडपवाल्याशी बोलणी करण्याआधी बागेचा नकाशा हातात घेतो.

नकाशावर प्रत्येक मोठ्या झाडाच्या पसाऱ्याची कड चुन्याच्या रेघेने जमिनीवर उतरवा. फांद्यांच्या टोकांखाली पडणारी सावली ही ढोबळ मर्यादा मानली तरी मुळे त्याहूनही बाहेर गेलेली असतात. त्या रेघेच्या आत खुंट्या, खांब, जनरेटर, पाण्याची टाकी आणि वाहन यांपैकी काहीही येऊ देऊ नका. दोनशे माणसे चार तास एकाच जागी उभी राहिली की माती दाबली जाते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात आणि बारीक मुळे गुदमरतात. याचा परिणाम त्या आठवड्यात दिसत नाही, पुढच्या उन्हाळ्यात शेंडे वाळू लागतात तेव्हा दिसतो. म्हणून खुर्च्या फरसबंदीवर, मुरमाच्या रस्त्यांवर किंवा मोकळ्या हिरवळीवर मांडा. हिरवळीचे पाणी दोन दिवस आधी तोडा म्हणजे जमीन कडक राहील; कुंड्या आणि वाफ्यांचे पाणी मात्र चालू ठेवा.

झाडांच्या खोडांना दिव्यांच्या माळा गुंडाळण्याची सध्या फार हौस आहे. आपल्या बागेत ती पूर्णपणे टाळा. खिळा ठोकणे तर दूरच. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष मानले जाते, आणि जुन्या बागेत अशी झाडेच जास्त असतात. गुडघ्याएवढ्या उंचीचे, खाली वाट उजळणारे पिवळसर दिवे पुरतात. वटवाघळांची वस्ती किंवा घुबडांची ढोली असेल त्या भागात दिवा नकोच, आणि तिकडची वाट दोरी लावून बंद करा.

ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर चालवता येत नाही, हा नियम सर्वांना माहीत आहे. बागेपुरता आपण साडेआठचा नियम करावा असे मला वाटते. सतार किंवा बासरी ध्वनिक्षेपकाशिवाय शंभर माणसांना ऐकू जाते, फक्त जागा भिंतीच्या आडोशाची निवडावी लागते. मद्य ठेवू नका. परवान्याचा खटाटोप वाचतो आणि वातावरणही घरगुती राहते. जेवणात हुरडा, वांग्याचे भरीत, ज्वारी-बाजरीची भाकरी, गूळ-तूप आणि तिळगूळ असा जानेवारीचा बेत करावा. हुरड्याची आगटी मात्र फाटकाबाहेरच्या उघड्या जमिनीवर, पाण्याच्या पिंपाशेजारी. पालापाचोळ्याच्या बागेत गोवऱ्यांची एक ठिणगीही महागात पडते.

बाग वारसा यादीत असेल तर तात्पुरत्या उभारणीलाही वारसा समितीला विचारावे लागते का, हे महापालिकेकडून लेखी विचारून घ्या. पोलीस ठाणे, अग्निशमन आणि महापालिका यांचे अर्ज दोन महिने आधी जाऊ द्या.

संध्याकाळ कशी चढत जावी

जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाहुण्यांना पाचला बोलवा. निमंत्रणावर "पाच वाजता बागफेरी सुरू होईल, अंधार पडल्यावर ती करता येणार नाही" असे स्पष्ट छापा, नाहीतर माणसे सवयीप्रमाणे साडेसातला येतील. पंधरा-पंधराचे गट करा. प्रत्येक गटाबरोबर एक माळी आणि एक प्रशिक्षणार्थी द्या, आणि बोलायचे काम त्या दोघांनीच करायचे. माळ्यांना भाषणाची सवय नसते, म्हणून आधी तीन-चार संध्याकाळी विश्वस्तांना गटात घालून सराव करा. "हे झाड कधी लावले" यापेक्षा "या झाडाचे तुम्ही वर्षभर काय काय करता" असा प्रश्न विचारला की त्यांची जीभ मोकळी होते.

बागफेरीत चार-पाचच थांबे असावेत. पाहुण्यांना खराब झालेले काहीतरी दाखवा. तुंबलेला पाट झाकू नका, तिथेच थांबा आणि पूर्वी पाणी कुठून येऊन कुठे जात होते ते चालत दाखवा. मुंबईतील राणीच्या बागेत मी मित्रांना नेतो तेव्हा गोरखचिंच आणि उर्वशी ही झाडे दाखवून झाली की आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी थांबतो. १८७२ मध्ये खुले झालेले हे संग्रहालय पार मोडकळीस आले होते. महापालिका, वारसा जतनाचे काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी २००३ मध्ये करार करून त्याचे पुनरुज्जीवन केले, आणि २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. सरकारी मालकी, तज्ज्ञांचे ज्ञान आणि खासगी पैसा एकत्र आले की काय होते, हे पाहुण्यांना पटवण्यासाठी माझ्याजवळ याहून चांगला दाखला नाही.

फेरीनंतर, अंधार पडता पडता, कलम बांधण्याचे प्रात्यक्षिक ठेवा. कार्यक्रमाचा जीव इथे आहे. गुलाबाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे अंकुर, दुसऱ्या रोपावर थंडीत भरतात, त्यामुळे हंगामही जुळतो. एक साधे टेबल, वरून एक दिवा, भोवती अर्धवर्तुळात माणसे. माळी खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे त्या रोपाच्या, सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतो, पात्याच्या मागच्या बोथट टोकाने सालीचे दोन्ही काठ हलकेच उचलतो, चांगल्या जातीच्या फांदीवरून ढालीच्या आकाराचा डोळा काढतो आणि त्याच्या पाठचे लाकूड नखाने सोडवतो. डोळा चिरेत सरकवताना तो वाळू नये म्हणून हात भराभर चालतात. मग प्लॅस्टिकची पट्टी खालून वर, डोळा उघडा ठेवून, घट्ट बांधत जायची. मी हे पाहिले तेव्हा पुढच्या रांगेतील एक वयस्कर बाई खुर्ची सोडून टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माळ्याला विचारले, "दादा, हे शिकायला किती दिवस लागले?" माळी म्हणाला, "बाई, बांधायला आठ दिवसांत येतं. कुठला डोळा घ्यायचा, ते कळायला चार हिवाळे गेले." त्यानंतर व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व सांगण्याची गरज उरली नव्हती.

प्रात्यक्षिक झाल्यावर एखाद्या प्रशिक्षणार्थीने तीन मिनिटे बोलावे, आपल्या शब्दांत, लिहून न आणता. प्रमुख पाहुण्यांचे भाषण दहा मिनिटांचे. दीपप्रज्वलन करण्याऐवजी एका रोपाला पाणी घालावे; सत्कारांच्या शाली-श्रीफळांची रांग पूर्ण वगळावी, कारण तीत गेलेली पंचवीस मिनिटे देणगीच्या आवाहनातून वजा होतात.

मागणी स्पष्ट करा

आपल्याकडे पैसे मागताना जीभ अडखळते. "यथाशक्ती" हा शब्द आपण सभ्यपणा म्हणून वापरतो, पण समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही. आवाहन एकाच माणसाने, एकदाच, जेवणापूर्वी करावे, आणि ते करणाऱ्याने स्वतः आधी देणगी दिलेली असावी. रकमा वस्तूंशी जोडाव्यात: खुरपे, छाटणीची कात्री, झारी आणि हातमोजे असा एका प्रशिक्षणार्थीचा संच, एका महिन्याचे विद्यावेतन, एक पूर्ण वर्ष, पाटाची दहा फूट लांबी. मोठ्या दात्यांशी मात्र कार्यक्रमाच्या आधीच, त्यांच्या घरी जाऊन, निवांत बोलून झालेले असावे. पाच प्रशिक्षणार्थींपैकी तिघांच्या वर्षाची रक्कम आधीच निश्चित झाली असेल तर व्यासपीठावरून उरलेल्या दोघांसाठीच आवाहन करायचे असते, आणि अर्ध्याहून पुढे गेलेल्या कामाला लोक हात लावतात.

प्रत्येक आसनावर एक कार्ड ठेवा. त्यावर रकमांचे चौकोन, नाव, पत्ता, पॅन आणि न्यासाच्या खात्याचा क्यूआर कोड असावा. तो कोड न्यासाच्याच खात्याचा आहे ना, हे आदल्या दिवशी एक रुपया पाठवून पाहा. बाहेर जाण्याच्या वाटेवर दोन टेबले, पावतीपुस्तके आणि हिशेब जाणणारी दोन माणसे. रोख रक्कम दोघांनी मिळून मोजावी आणि दोघांनी सही करावी.

लिलावात महागड्या वस्तू आणू नका. बागेच्या स्वतःच्या झाडांची रोपे विका. जुन्या बकुळीखाली पडलेल्या बियांपासून प्रशिक्षणार्थींनी वाढवलेले रोप, बागेतील नामशेष होत चाललेल्या गुलाबाचे कलम, दोन तास मुख्य माळ्याबरोबर स्वतःच्या गच्चीवरील बागेची पाहणी, अशा गोष्टींना चढाओढीने बोली लागते. यासाठी रोपवाटिकेचे काम वर्ष-दीड वर्ष आधी सुरू करावे लागते. म्हणूनच पहिल्या वर्षी लिलाव लहानच ठेवा. झाड "दत्तक" देताना खोडाला पाटी ठोकू नका, जमिनीत छोट्या दगडी खुणेवर नाव कोरा आणि मुदत एक वर्षाचीच ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून

सकाळी सात वाजता तेच पाच जण पुन्हा बागेत फिरा. दाबली गेलेली हिरवळ काट्याने टोचून मोकळी करा, चुन्याच्या रेघा झाडून काढा, मोडलेल्या फांद्यांची नोंद करा आणि मंडपवाल्याची अनामत त्यानंतरच परत द्या. दोन दिवसांत प्रत्येक देणगीदाराला आभाराचे पत्र जावे, आणि मोठ्या रकमांना विश्वस्ताने स्वतः फोन करावा. तीस दिवसांत जमाखर्चाचे एक पानी पत्रक सर्वांना पाठवा, त्यात प्रायोजकांचे पैसे आणि देणग्या वेगळ्या दाखवा. लिहून दिलेली पण न आलेली रक्कम त्यात जमेला धरू नका. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिची एकदा आठवण करा.

ज्यासाठी पैसे घेतले त्याच कामावर ते खर्च करा. पाटाचे काम पावसाळ्यापूर्वी संपवा आणि पहिल्या जोरदार सरीनंतर, जुलैमध्ये, दात्यांना छत्र्या घेऊन बोलवा. वाहता पाट पाहायला येणारी माणसे पुढच्या जानेवारीत निमंत्रणाची वाट पाहतात.

आणि त्या संध्याकाळी दिव्याखाली भरलेला गुलाबाचा डोळा विसरू नका. तो खुंट शेडनेटमध्ये वेगळा ठेवा, त्याला तारखेची पट्टी बांधा. साधारण तीन आठवड्यांत डोळा हिरवा राहिला की काळा पडला ते कळते. हिरवा असेल तर प्रशिक्षणार्थीने त्याचे छायाचित्र काढावे आणि खाली स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहून ते सर्व निमंत्रितांना पाठवावे. काळा पडला असेल तरी पाठवावे, आणि त्याच खुंटावर खाली दुसरा डोळा भरला आहे, हेही लिहावे.